झडीतला मंगळवार

बडनेरा स्टेशनच्या फलाटावर त्या सकाळी आम्ही रोजचे पंचवीस-तीस जण छपराखाली दाटीवाटीनं उभे होतो. झडीचा तिसरा दिवस होता. आमच्या वऱ्हाडात पाऊस असा दोन-दोन, तीन-तीन दिवस न थांबता लागला की त्याला झड म्हणतात. तिला जोर फारसा नसतो, पण ती हटत नाही. अकोल्याची गाडी पाऊण तास उशिरा होती, मग दीड तास झाली, आणि शेवटी भोंग्यातून सांगितलं की पुढे कुठेतरी रुळांवर पाणी आलंय, गाडी केव्हा येईल ते सांगता येत नाही.

मी ऑफिसात फोन लावला. साहेब म्हणाले, "रस्त्यानं यायच्या भानगडीत पडू नका. इथेही कोणी आलेलं नाही. उद्या पाहू."

फोन ठेवला आणि काय करावं तेच सुचेना. अकरा वर्षं मी अमरावतीहून अकोल्याला अप-डाउन करत होते. सकाळी पावणेसातला घर सोडायचं, संध्याकाळी आठच्या सुमाराला परत यायचं. रविवारी घरी असायचे, पण रविवार हा धुणं, बाजार आणि डोक्याला मेंदी लावण्याचा दिवस. साध्या कामाच्या वारी, भर दुपारी आपलं घर कसं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

ऑटोतून उतरून फाटक उघडलं तर आई दारातच होती.

"काहून आली वं परत? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"गाड्या बंद आहेत."

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आज दिवसभर घरीच का?"

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. मला जरा लागलं, पण पाऊस इतका होता, साडी इतकी भिजली होती, की मी तिकडे लक्ष दिलं नाही.

माझ्या पर्समध्ये एक पाकीट होतं. पदोन्नती झाली होती आणि बदली चंद्रपूरला. होकार किंवा नकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. याआधी दोनदा अशी संधी आली आणि दोन्ही वेळा मी नकार दिला. मी एकुलती एक. लग्नाचं जमलं नाही, आणि पुढे घरात तो विषय निघेनासा झाला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आई कायम घरातच. संध्याकाळी मी यायची तेव्हा बाबा टीव्हीसमोर, आवाज अगदी बारीक. आई स्वयंपाकघरात. गोळी घेतली का, भाकर किती टाकू, दार लावलं का, एवढंच काय ते बोलणं. मला वाटायचं, मी गेल्यापासून येईपर्यंत ही दोघं अशीच मुक्यानं बसून असतील. त्यांचा सगळा दिवस म्हणजे माझी वाट. मग त्यांना टाकून चंद्रपूरला कशी जाऊ?

दिवस फुकटचा मिळालाच होता, तर नकाराचं पत्र लिहून टाकावं म्हणून मी कपडे बदलून मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसले. वर 'विषय: पदोन्नतीवरील बदली नाकारण्याबाबत' आणि खाली 'महोदय' लिहिलं.

तेवढ्यात टप् असा आवाज झाला. छताच्या कोपऱ्यातून गळत होतं. बाबांनी जर्मनचं गंज, म्हणजे अल्युमिनियमचं पातेलं, आणून खाली ठेवलं. मग टप्-टप् ऐवजी टण्-टण् सुरू झालं. मी पेन खाली ठेवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, गंज उचललं, प्लास्टिकची बादली आणली आणि आवाज होऊ नये म्हणून तिच्या तळाशी जुनं फडकं घातलं. चाळीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकलेला माणूस. कुठला आवाज कशानं बंद होतो हे त्यांना बरोबर कळायचं.

मी परत कागदाकडे वळले, तर न्हाणीतून आईची हाक. "अवो, तो आला पाहा परत!"

तो म्हणजे बेडूक. चांगला मुठीएवढा, मोरीच्या कोपऱ्यात फुगून बसलेला. बाबांनी सुपडी धरली, मी खराट्यानं त्याला हळूहळू सुपडीत ढकललं, आणि आम्ही दोघं एका छत्रीखाली जाऊन त्याला पेरूच्या झाडाखाली सोडून आलो. दहा मिनिटांत तो मोरीच्या भोकातून पुन्हा आत. आई म्हणाली, "राहू द्या आता. त्याले तरी कुठं कोरडी जागा हाये?"

घरभर दोऱ्या बांधून तीन दिवसांचे ओले कपडे टाकलेले. आई एकेक कपडा इस्त्रीनं वाळवत होती, त्याचा दमट, ऊन वास खोलीत भरला होता. मग वीज गेली. आईनं सकाळीच हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती, कढीगोळे करायला. मिक्सर बंद, म्हणून तिनं पाटा-वरवंटा आडवा केला. तिचा खांदा दुखायचा, म्हणून मी वाटायला बसले. कितीतरी वर्षांनी बसले होते. डाळ, हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं. हाताला अशी आग सुटली की दोन तास बोट डोळ्याला लावायची सोय राहिली नाही.

हात धुऊन आले तर भिंतीवरून मुंग्यांची रांग अंडी घेऊन वर चाललेली. जमिनीत पाणी शिरलं असणार. त्यांनी खिडकीच्या चौकटीतली एक फट पसंत केली होती. एक मुंगी अंडं सोडून परत खाली जायची आणि मधेच थांबून दुसरीशी डोकं लावायची. मी किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे.

जेवायची वेळ झाली तेव्हा कागदावर विषयाखाली एवढंच होतं: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून.'

कढीगोळे आणि ज्वारीची गरम भाकर अशी मी किती दिवसांनी खाल्ली. रोज दीड-दोनला टेबलावर डबा उघडायचा, त्यात गार पोळी आणि कोरडी भाजी. कढी डब्यात नेता येत नाही. बाबांनी भाकर कुस्करली, वर कढी ओतली आणि मान खाली घालून जेवले. कोणी काही बोललं नाही.

जेवण झाल्यावर मात्र मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. आई सारखी खिडकीशी जात होती. बाबांनी दिवाणावरची चादर एकदा झटकून घातली, आणि थोड्या वेळानं परत तीच चादर सारखी केली.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"कोण येते बापा एवढ्या पावसात," आई म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

एक वाजून गेला असेल. फाटक वाजलं. आमची भाजीवाली होती. शहराच्या कडेला त्यांचा मळा. रोज सकाळी टोपली घेऊन ती आमच्या भागात फिरायची, हे मला माहीत होतं, कारण रविवारी मीच तिच्याकडून भाजी घ्यायची. आईपेक्षा चार-सहा वर्षांनी लहान, काटक, आवाज खणखणीत. खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली होती. टोपलीत उरलेलं होतं ते थोडं: अंबाडीच्या दोन जुड्या, काही दोडके, ओल्या हळकुंडासारखी काळपट आल्याची बोटं. तिनं टोपली ओट्यावर ठेवली, पाय धुतले, आणि कोणी 'ये' म्हणायच्या आत सरळ आत येऊन दिवाणाजवळच्या चटईवर बसली.

"वयनी, आज लय उशीर झाला. नाल्यावरून पाणी चाललं होतं. भाऊ, काढा, पत्ते काढा."

आणि मग तिला मी दिसले.

बाबा छताच्या त्या कोपऱ्याकडे पाहायला लागले. आई पदरानं उगीच हात पुसायला लागली.

"काय गं आई, कसले पत्ते?"

"कसले म्हणजे?" भाजीवालीच बोलली. "हिले नाही सांगितलं का तुमी? आमी रोजच खेळतो नं बाई दुपारी. तीन-दोन-पाच. तिघंच असतो आमी."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी निमूटपणे दिवाणाची गादी वर केली आणि खालून पत्त्यांचा जोड काढला. कडा पार गुळगुळीत झालेल्या, दोन-तीन पानांना चिकटपट्टी लावलेली. हा काही एका महिन्याचा खेळ नव्हता.

"कधीपासून?"

"मांगच्या उन्हायात," आई म्हणाली, "हिले ऊन लागलं होतं. आपल्याच फाटकाशी बसून पडली. मी तिले आत घेतलं, पन्हं दिलं, म्हटलं ऊन उतरेलोक पड इथंच. ते काही पडेना. मंग वेळ जावा म्हणून…"

"मंग वयनीनं पत्ते काढले," भाजीवाली हसत म्हणाली. "भाऊ पाहातच राह्यले. चाळीस वर्षं संसार केला अन् त्याईले ठाऊक नाही, का बायकोले पत्ते येते म्हणून!"

मलाही ठाऊक नव्हतं. आईचं माहेर बार्शीटाकळीच्या पुढचं खेडं. झडीत वावरात जाता येत नसे, तेव्हा तिचे भाऊ दिवसभर पत्ते कुटायचे. पोरींना खेळू देत नसत. ही त्यांच्या मागे बसून तूर निवडायची आणि बघून बघून शिकली. एकदा चौथा गडी नव्हता म्हणून भावांनी तिला बसवलं, आणि तिनं त्यांना असं हरवलं की परत बोलावलं नाही. हे सगळं आई मला सांगत होती आणि सांगताना पत्ते पिसत होती. माझ्या आईची बोटं. फटाफट पिसत होती ती.

"आज चौघं हाओ," भाजीवाली म्हणाली. "मेंढीकोट होईल. बस वं पोरी."

"मला एक पत्र लिहायचंय."

"पत्र कुठं पळून जाते का?" आई म्हणाली.

मी बसले. समोरासमोर बसणारे जोडीदार, म्हणून मी आणि बाबा एकीकडे, आई आणि भाजीवाली दुसरीकडे. ज्या जोडीला दहाची पानं जास्त मिळतील ती जिंकली. लहानपणी सुट्टीत खेळलेली, तेवढ्यावर मला भरवसा होता. पहिल्या डावात मी बदामाची दश्शी आपल्या हातानं उतरवली आणि आईनं तिच्यावर एक्का टाकला.

"अरे बेटा!" बाबा कळवळून म्हणाले. "एक्का कुठं हाये ते पाह्यलं नाही का? तुही माय बदाम आले का बांगड्या मांगं सारते!"

"काही नाही सारत!"

"सारते. अन् इस्पिक आलं का खोकला येते तिले. पाह्य आता, बरोबर येईल."

आई खोकली. खरंच खोकली. आणि भाजीवालीनं शांतपणे इस्पिकचा राजा टाकला. बाबांनी पानं चटईवर आपटली. "हे असं हाये! सव्वा वर्ष झालं, मी या दोघींची चोरी सहन करून राह्यलो!"

आईला हसू आवरेना. ती आधी तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाजीवाली मांडीवर थाप मारत होती. बाबा रागावल्यासारखं करत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. बाहेर पाऊस पडतच होता. मला आईचं असं हसणं शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. मीही हसत होते, आणि आतून कुठंतरी मला रडूही येत होतं.

तीन डाव झाले. तिन्ही आम्ही हरलो, आणि तिसऱ्यात तर चारही दश्श्या त्यांच्याकडे गेल्या.

"चहा," भाजीवाली म्हणाली.

"हो, हो, चहा," म्हणत बाबा उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

हरणाऱ्यानं चहा करायचा, हा तिथला नियम. मी जन्मात बाबांना गॅस पेटवताना पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्या मागून गेले, मदतीला म्हणून. पण त्यांना मदत नको होती. साखर कुठे, पत्ती कुठे, चौथा कप कुठल्या फळीवर, सगळं त्यांना माहीत. टोपलीतलं आलं त्यांनी बत्त्यानं ठेचलं. पाणी उकळायची वाट पाहत ते ओट्याला टेकून उभे राहिले.

"तुम्ही रोज खेळता?"

"रविवारी नाही."

"रविवारी का नाही?"

"रविवारी तू असते."

ते सहज म्हणाले. पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना काहीतरी जाणवलं असावं.

"तसं नाही बेटा. तू सहा दिवस लोकायच्या तक्रारी ऐकतं, दोन-दोन घंटे गाडीत उभी राह्यतं. सांजच्या पारी घरी आली का तुहं तोंड एवढंसं झालेलं असते. तुह्या मायनंच ठरवलं, पोरगी आली का कोणी वटवट करायची नाही. टीव्हीचा आवाज कमी. तिले शांत बसू द्या." त्यांनी गॅस बारीक केला. "आम्हाले वाटे तुले शांतता लागते."

अकरा वर्षं संध्याकाळी मी त्या शांततेत जेवले होते, आणि ती त्यांची उदासी आहे असं समजून आणखी गप्प झाले होते. माझं गप्प राहणं पाहून ती दोघं आणखी गप्प होत गेली असणार.

बाबांनी दूध घातलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "टेबलावरचा कागद पाह्यला मी. गळतीचं पाणी उडू नये म्हणून उचलून ठेवत होतो. यावेळीही नाहीच म्हणून राह्यली का?"

"तुमच्याजवळ कोण राहील मग?"

"आम्ही दोघं हाओ," ते म्हणाले. "दुपारी तिघं."

त्यांनी चार कप ताटात ठेवले आणि बाहेर घेऊन गेले. मी ओट्याशी उभी राहिले. जरा वेळानं बाहेरून आईची हाक आली, चहा गार होतो म्हणून.

चहा पिताना मी तो विषय काढला. भाजीवाली होती तरी काढला. आई कप खाली ठेवून म्हणाली, "तुले जावंसं वाटते का नाही, ते सांग. आमचं सोड."

"वाटतं," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर कळलं की खरंच वाटतं.

"मंग जा नं बाई," आई म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागली. भाजीवालीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चंद्रपूर काय परदेशात हाये का, वयनी? सणावाराले येईलच पोरगी." आईनं मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "वाटा पानं."

चार-साडेचारला पावसानं थोडा दम घेतला तेव्हा भाजीवाली उठली. अंबाडी आमच्याकडेच ठेवली. "येतो वयनी," म्हणत खोळ डोक्यावर घेऊन ती गेली. नाल्यापर्यंत बाबा छत्री घेऊन तिच्यासोबत गेले, पाणी उतरलं की नाही ते पाहायला.

संध्याकाळी वीज आली. मी नवा कागद घेतला आणि होकार लिहिला. चार ओळींचं पत्र, लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या दिवशी जेवताना कोणी गप्प बसलं नाही. आईनं मला अंबाडीची भाजी वाढली आणि तिसऱ्या डावात मी कुठं चुकले ते सविस्तर सांगितलं. बाबा म्हणाले, तिनं चोरी केली. मग त्यावर वाद झाला. टीव्ही मोठ्यानं लावला होता, तरी तो कोणी ऐकत नव्हतं.

दिवाळीनंतर मी चंद्रपूरला गेले. खोली लावून द्यायला बाबा सोबत आले. दोन दिवस राहिले, नळाचे वायसर बदलले, दाराची कडी तेल घालून सैल केली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत अमरावतीला पोचायचं म्हणून पहाटेच्याच बसनं निघून गेले. सुरुवातीला मला तिथं करमत नसे. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी घरी फोन करायची. बाबा उचलायचे. "आता नाही बेटा, डाव रंगात हाये. चार वाजता कर." मग मी चारला करायची. तेव्हा आई बोलायची, खूप बोलायची, मागून भाजीवालीचा आवाज यायचा. चंद्रपूरच्या त्या पहिल्या तीन वर्षांत मी आई-बाबांशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या अकरा वर्षांत एका घरात राहून बोलले नव्हते.

बाबा गेले ते उन्हाळ्यात, झोपेतच, कोणाला त्रास न देता. तेरवीनंतर मी आईला चंद्रपूरला चल म्हणून खूप विनवलं. ती आली नाही. आता मीच बदली मागून अमरावतीला परत आले आहे. ऑफिस घरापासून वीस मिनिटांवर. भाजीवालीच्या गुडघ्यांनी टोपली सोडवली. भाजी आता तिची सून हातगाडीवर विकते, आणि दुपारी सासूला ऑटोत बसवून आमच्याकडे पाठवते.

दर पावसाळ्यात झड लागली की मी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी रजा टाकते. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असं लिहिते. काम काही नसतं. सकाळी आईबरोबर पाट्यावर डाळ वाटते, गळतीखाली भांडं ठेवते, खिडकीशी उभी राहते. एक वाजला की आई चटई झटकायला सांगते. आम्ही तिघी बसतो. आईला आता चष्म्यातूनही बदाम आणि चौकट नीट ओळखू येत नाहीत, म्हणून ती पान डोळ्यांजवळ नेऊन पाहते, आणि तोवर आम्ही दोघी थांबतो.